पळायचं, पण कुठे?

खान्देशात घरात मिरच्या भाजायला घेतल्या की कोण कुठे पळतं, यावर अजून कुणी प्रबंध लिहिलेला दिसत नाही. लिहायला हरकत नाही. विषय स्थानिक आहे, साधनसामग्री स्वस्त आहे आणि या प्रयोगाला नाही म्हणणारं घर जळगाव-धुळ्यात सापडायचं नाही. तव्यावर हिरव्या मिरच्या पडतात, लसूण पडतो, खकाणा उठतो. पहिला ठसका आजोबांना लागतो, ते पुटपुटत ओसरीवर येतात. पोरं गल्लीत जातात. मांजर धाब्यावर. पाहुणा असला तर थोडा वेळ सभ्यपणे डोळे पुसत बसतो आणि मग फोन आल्याचं निमित्त करून उठतो. जागची हलत नाही ती फक्त भाजणारी. तिने पदर नाकाला लावलेला असतो आणि त्यातूनच ती बाहेरच्यांना सांगत असते, "काही नही व्हस!" काही होत नाही म्हणे. सगळ्यांना सगळं होत असतं.

पण या पळापळीत नेम धरण्यासारखं फार काही नाही, कारण थोड्याच वेळात हीच मंडळी ज्याच्यापासून पळाली तेच भाकरीवर घेऊन जेवायला बसलेली असतात. वर "ठेचा आज जरा कमीच तिखट झालाय" असा शेराही मारतात. नंदुरबारला मिरचीच्या मोसमात गेलात तर शहराभोवती पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली दिसते. दिसते कसली, आधी नाकालाच कळते. १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. जिल्हा वेगळा झाला, शिंका एकच राहिल्या.

तर माणसाच्या पळण्यात तर्क शोधायचा नाद सोडून मी अलीकडे एका फार लहान जिवाच्या पळण्याबद्दल वाचतो आहे. नाव ई-कोलाय. थिओडोर एशेरिख नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शौचात तो पाहिला, म्हणून पुढे त्याला एशेरिखचं नाव मिळालं. माणसाचं नाव अमर होण्याच्या ज्या अनेक वाटा आहेत त्यांत ही एक. या जिवाची लांबी साधारण २ मायक्रॉन. एका मिलिमीटरात असे पाचशे एका रांगेत झोपतील. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि बहुतेक वेळा भाडं न थकवता राहतो. त्याला मेंदू नाही, नाक नाही, डोळे नाहीत. तरीही नको असलेल्या रसायनापासून तो बाजूला होतो, आणि कसा होतो हे कळल्यापासून मला घरातल्या मोठ्या माणसांच्या निर्णयक्षमतेबद्दल वाटणारा आदर थोडा कमी झाला आहे.

जंतूंची आणि आपली पहिली भेट तिखटापायीच झाली, हे खान्देशी माणसाला सांगितलं पाहिजे. हॉलंडातल्या डेल्फ्ट गावी अंतोनी फान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्याला फावल्या वेळात भिंगं घासायचा छंद होता. काळी मिरी जिभेला का झोंबते, याचं कोडं उलगडावं म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. मिरीच्या कणांना टोकं असतील नि ती जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. १६७६ च्या वसंतात त्याने त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला, तेव्हा टोकं राहिली बाजूला आणि अतिसूक्ष्म जिवांची झुंबड दिसली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र धाडलं. पुढे काही वर्षांनी त्याने स्वतःच्या दातांवरचं किटण काढून पाहिलं, त्यातही तीच वर्दळ. मग व्हिनेगरने गुळण्या केल्या. थुंकीत किटण कालवून त्यात व्हिनेगर घातलं तर ते जीव मरत. पण दातांवरच जे घट्ट बसले होते ते खुशाल जिवंत. म्हणजे पत्ता चांगला असला की आंबटाने काही बिघडत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

मरणं मात्र वेगळं आणि पळणं वेगळं. पळण्याचा हिशेब दोनशे वर्षांनी विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडायला घेतला. १८८० च्या दशकात त्याने केसासारख्या बारीक काचनळीत रसायन भरलं आणि नळीचं तोंड जंतू असलेल्या पाण्यात धरलं. मांसाचा अर्क असेल तर जंतू नळीत गर्दी करत. आम्ल, अल्कली किंवा अल्कोहोल असेल तर लांब राहत. एवढं पाहून विज्ञान जवळजवळ ऐंशी वर्षं दुसऱ्या कामाला लागलं. मग विस्कॉन्सिन विद्यापीठात ज्युलियस ॲडलर आले. लहानपणी जर्मनीतून अमेरिकेत आलेला हा माणूस, फुलपाखरांचं वेड असलेला. फुलपाखरू कुठे जायचं हे कसं ठरवतं, हे त्यांना कळून घ्यायचं होतं. पण फुलपाखरू फार गुंतागुंतीचं, म्हणून त्यांनी सगळ्यांत साधं उडणारं, म्हणजे पोहणारं, काहीतरी धरलं. आयुष्यभर तेच धरून बसले.

ॲडलर आणि त्यांचे सहकारी त्सो यांनी १९७४ साली नावडत्या पदार्थांची यादी छापली. पद्धत अशी: बशीत पातळ अगार, त्यात जंतू एकसारखे पसरलेले. मधे रसायन घातलेल्या घट्ट अगारची बुचासारखी गोळी खोचायची. थोड्या वेळाने गोळीभोवती स्वच्छ गोल कडं उमटतं; जंतू तिथून निघून गेलेले. या यादीत काय नाही? व्हिनेगरच्या जातीची आम्लं, अल्कोहोलं, गंधकाचं संयुग, निकेल आणि कोबाल्ट, अति आंबट पाणी, अति खारं-तुरट अल्कली पाणी. लोणच्या-सरबतांत टिकाऊपणासाठी घालतात ते बेंझोएट. इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पण यादीत ल्यूसिनही आहे. ल्यूसिन म्हणजे प्रथिनांतलं एक सालस अमिनो आम्ल, तुमच्या-माझ्या वरणातलं. जळगावच्या डाळमिलांतून पोत्यापोत्याने ते देशभर जातं आणि आजवर त्याने कुणाचं वाईट केल्याचं ऐकिवात नाही. तरी ई-कोलाय त्याला पाहून तोंड फिरवतो.

या कोड्याबद्दल ॲडलर यांनी फार सरळ गोष्ट नोंदवून ठेवली: जंतू ज्यापासून पळतो ते सगळं घातक नसतं, आणि जे घातक असतं त्या सगळ्यापासून तो पळत नाही. पोळलं म्हणून तो मागे सरत नाही. त्याच्या अंगावर ठरावीक पदार्थ चाखणारी ठरावीक प्रथिनं बसवलेली आहेत. त्यांच्यात जे बसतं तेच त्याला कळतं, मग ते विष असो वा वरण. गोडाचंही तसंच. १९६९ साली ॲडलर यांनी दाखवलं की गॅलॅक्टोज नावाची साखर पचवूच न शकणारे जंतूसुद्धा तिच्याकडे आनंदाने धावतात. पोटाला काही मिळणार नाही, तरी धावतात.

हे वाचल्यावर मला धुळ्याचे मामा आठवले. त्यांना दुधीभोपळा दिसला की ते ताटावरून उठतात, आणि तंबाखूची चंची मात्र उशीखाली असते. आमच्याकडे याला स्वभाव म्हणतात. दुधीने त्यांचं आयुष्यात काय बिघडवलं, हे मामींनी अनेकदा विचारलेलं आहे.

असो. खरा चमत्कार पुढे आहे.

एखाद्या गोष्टीपासून पळायचं तर ती कुठल्या बाजूला आहे ते आधी कळायला हवं, आणि जायचं कुठे तेही. कपाशी गेली, पाऊस फिरकला नाही, की खान्देशातला माणूस भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसतो. उधन्याला नाहीतर लिंबायतला चुलतभाऊ असतो, त्याच्या खोलीचा पत्ता खिशात असतो, कुणाच्या शब्दाने कारखान्यात लागायचं तेही ठरलेलं असतं. ई-कोलायला यातलं काहीच नाही. त्याचं अंग इतकं लहान की डोक्याकडे रसायन किती आणि शेपटाकडे किती, यातला फरक त्याला लागण्याइतका नसतोच. डावं-उजवं त्याच्यासाठी जवळपास एकच. मग तो करतो काय?

तो वेळ मोजतो. हे १९७२ साली मॅकनॅब आणि कॉश्लंड यांनी बर्कलेला, त्याच्याच नात्यातल्या साल्मोनेला जंतूवर, मोठ्या चतुराईने दाखवलं. जंतू एका द्रावणातून एकदम दुसऱ्या द्रावणात मिसळायचे, इतक्या झटपट की मिसळल्यावर इकडे-तिकडे कुठेच कमी-जास्त उरत नाही, सगळीकडे सारखं. दिशेचा काही मागमूस नाही, तरी जंतू प्रतिसाद देतात. आवडीचा पदार्थ अचानक वाढला तर सरळ पोहत राहतात. पुढच्याच वर्षी नावडत्याचंही तसंच दिसलं, फक्त उलटं: ते वाढलं की जंतू कोलांट्या घ्यायला लागतात, आणि कमी झालं की शहाण्यासारखे सरळ जातात. म्हणजे हा जीव "इथे कसं आहे" हे विचारतच नाही. "मघापेक्षा कसं आहे" एवढंच विचारतो.

आणि त्याचा मघा किती मोठा? गेल्या साधारण एका सेकंदाची तुलना तो त्याआधीच्या तीन सेकंदांशी करतो. एवढीच स्मृती. यापेक्षा जास्त असती तर बरं झालं असतं असं आपल्याला वाटेल, त्याला नाही. पाण्याचे रेणू त्याला सतत ढकलत असतात आणि सरळ जायचं म्हटलं तरी दहाएक सेकंदांत त्याचं तोंड कुठल्या कुठे फिरलेलं असतं. त्यापलीकडचं लक्षात ठेवून उपयोग काय? तुलनाच लागू राहत नाही. आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळात कुणी कुणाला एक पायली ज्वारी दिली नाही, याचा हिशेब आजही लग्नाच्या बैठकीत निघतो. तेव्हापासून किती वेळा तोंडं फिरली असतील, याचा विचार कुणी करत नाही.

पोहण्याची यंत्रणाही बघण्यासारखी आहे. अंगावर चार-सहा लांब शेपट्या, प्रत्येकीच्या मुळाशी एक खरीखुरी फिरती मोटर, सेकंदाला शंभराच्या घरात फेरे घेणारी. शेपट्या वळवळत नाहीत, फिरतात, हे १९७३-७४ साली पक्कं झालं. सगळ्या मोटरी मागून बघता घड्याळाच्या उलट फिरल्या की शेपट्यांचा एक पेड होतो आणि जंतू सरळ सुटतो. सेकंदभर, २०-३० मायक्रॉन. मग एखादी-दुसरी मोटर घड्याळाच्या दिशेने फिरते, पेड सुटतो, जंतू जागच्या जागी कोलांटतो, सेकंदाचा दहावा हिस्सा. पुन्हा पेड, पुन्हा सरळ, पण तोंड आता भलतीकडेच. हॉवर्ड बर्ग यांनी यासाठी एक खास सूक्ष्मदर्शक बनवला. त्यात जंतू जिकडे जाईल तिकडे मंचकच सरकत राहतो आणि जंतू नजरेच्या मधोमध राहतो. १९७२ मध्ये त्यांनी आणि ब्राउन यांनी मोजलं, तर प्रत्येक कोलांटीत सरासरी ६८ अंशांनी तोंड वळत होतं. निवडून नव्हे. पडेल तिकडे.

म्हणजे पळण्याचा एकूण बेत असा: चाल. सुधारतंय का? चालत राहा. बिघडतंय का? कोलांटी घे आणि जिकडे तोंड होईल तिकडे पुन्हा चाल. दिशा चुकीची निघाली तर पुन्हा कोलांटी. शेवटी बहुतेक जण लांब जातातच. कुणीही "तिकडे पळा" म्हणालेलं नसतं. पुढारी नाही, फलक नाही, व्हॉट्सॲपचा गट नाही.

त्यातही बर्ग आणि ब्राउन यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला सगळ्यांत आवडते. पायरीपायरीने बदलणाऱ्या पाण्यात, परिस्थिती सुधारत असली की जंतूची सरळ धाव लांबते. पण बिघडत असली तर ती फारशी आखूड होत नाही, नेहमीइतकीच राहते. म्हणजे रोजच्या जगण्यात त्याचं लांब जाणं घडतं ते वाईटाच्या धसक्याने कमी आणि बरं वाटलं त्या वाटेवर थोडं जास्त रेंगाळल्याने जास्त. एकदम अंगावर आम्ल ओतलं तर तो कोलांट्या घेतो, ते वेगळं. पण साध्या दिवसांत तो धसका घेऊन जगत नाही. आमच्या गल्लीत एवढा समजूतदार माणूस एकच होता, आणि त्याला लोक बावळट म्हणत.

आत काय चालतं तेही थोडक्यात सांगतो, कारण विज्ञानात एखादी गोष्ट इतक्या तपशिलाने कळल्याची उदाहरणं थोडी आहेत. चाखणाऱ्या प्रथिनांचे हजारो रेणू जंतूच्या टोकाशी दाटीवाटीने बसलेले असतात. नावडतं काही लागलं की ते आतल्या एका प्रथिनाला जागं करतात, ते दुसऱ्या एका लहान निरोप्या प्रथिनाच्या हातात फॉस्फेट देतं, निरोप्या वाहत मोटरीपाशी जातो आणि मोटर घड्याळाच्या दिशेने फिरते. आवडतं काही लागलं की निरोपे कमी निघतात. त्याचबरोबर दोन कारकून सतत काम करत असतात. एक चाखणाऱ्या प्रथिनांवर मिथाइल गट चिकटवतो, दुसरा ते काढतो, आणि या काढघालीमुळे थोड्या वेळाने जंतूला आहे त्या परिस्थितीची सवय होते. रसायन तिथेच, तेवढंच. पण आता ते नेहमीचं. कोलांट्या पुन्हा पूर्वीच्या तालावर येतात.

ही सवयीची गोष्ट जळगावच्या माणसाला वेगळी समजावून द्यायला नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी दुपारी अक्षरशः कोलांट्या घेत असतो: पंख्याखालून कूलरपाशी, कूलरपासून न्हाणीघरात, तिथून पुन्हा पंख्याखाली. यजमान मात्र पत्र्याच्या शेडमध्ये बसून चहा पितो, गरम, आणि वर विचारतो, "आज जरा बरंय ना?" मघापेक्षा बरं असेल तर बरंच म्हणायचं. गंमत म्हणजे ई-कोलाय गारवा आणि उष्णताही त्याच चाखणाऱ्या प्रथिनांनी ओळखतो. वेगळा तापमापक त्याला दिलेला नाही.

यादीतल्या एका पदार्थावर मात्र थांबायलाच हवं. इंडोल. हा ई-कोलाय स्वतःच तयार करतो, ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून, आणि बाहेर टाकतो. तोच त्याच्या नावडत्या यादीत आहे. विष्ठेला जो वास असतो त्यात इंडोलचा वाटा मोठा; आणि अगदी विरळ झाला की हाच इंडोल मोगऱ्याच्या सुगंधात असतो. म्हणजे गजरा विकत घेताना आपण कशाला पैसे देतो, हे फार खोलात जाऊन विचारू नये. जंतूला मोगऱ्याशी देणं-घेणं नाही. त्याच्या लेखी जिथे इंडोल दाट तिथे आपलीच भाऊबंदकी दाटलेली. तिथून हळूच सरकावं. वाटण्या झाल्यावर एकाच वाड्यात तीन चुली मांडून राहणाऱ्यांनी हा धडा घेतला असता तर धुळ्याच्या कोर्टातली तारखांची गर्दी थोडी हटली असती.

सगळ्याच जंतूंना मात्र पळणं येत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत तो दख्खनभर, खान्देशातही पसरला. गावात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून शेतात झोपड्या टाकून राहत. आपल्याकडे पळण्याची ही सामुदायिक, शिस्तीची तऱ्हा त्या काळात रुळली. माणसं पळाली, उंदीर पळाले, पिसवा उड्या मारत पळाल्या. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो प्लेगचा जंतू जन्मात एक मायक्रॉनभर पोहलेला नाही. शेपट्या बनवायचा नकाशा त्याच्या वंशात आहे, पण तो बिघडलेला आहे. त्याने दुसऱ्याच्या पायांवर भागवलं. खान्देशाचे १९०६ साली इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. प्लेगला मात्र ही हद्द कुणी कळवली नव्हती.

आता सगळ्यांत अवघड प्रसंग. समोर आवडतं आणि नावडतं एकदम आलं तर? १९७४ सालीच ॲडलर आणि त्सो यांनी हा पेच जंतूंपुढे टाकला. जंतूने घोळ घातला नाही. दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून ज्याचं पारडं जड निघालं तिकडे गेला. ज्यांनी धुळ्यात शेवभाजी खाल्ली आहे त्यांना हा पेच ओळखीचा आहे: काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, तिच्यावर शेव. नाकातून पाणी, कपाळावर घाम, कानांतून वाफा, आणि हात भाकरी मोडायचा थांबत नाही. इथे मात्र वजाबाकी होत नाही. तिखटही वाढतं आणि ओढही. बहिणाबाईंनी मनाला पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली ती उगीच नाही. असोद्यात जन्मलेल्या त्या बाईंना हाकलल्यावर परत येणारं काय असतं ते शेतातच कळलं होतं. त्यांचंच नाव आता जळगावच्या विद्यापीठाला आहे, जिथे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोरं बशीत अगार ओततात.

आमच्या मामांच्या पोटात मात्र एक निराळाच जंतू निघाला. छातीखाली आग होत होती, बरेच महिने. घरादाराने निकाल दिला होता: मिरची. मामा मामींवर, मामी मामांच्या तंबाखूवर. दुर्बीण घालून तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, व्रण आहे, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी आहे.

हा जीव ऐकण्यासारखा आहे. जगातल्या सुमारे अर्ध्या माणसांच्या जठरात तो सापडत आला आहे, भारतात तर सर्रास. जठर म्हणजे आम्लाचं टाकं. जंतूने राहण्यासारखी जागाच नव्हे. पण हा मळसूत्री आकाराचा जंतू आम्ल ओळखतो आणि त्यापासून लांब, जठराच्या भिंतीला लागून असलेल्या श्लेष्मल थरात पोहत शिरतो. युरियापासून अमोनिया करून तो स्वतःभोवतीचा आंबटपणा मारतो ते वेगळंच. ज्या जंतूंची ही पळण्याची जाण काढून टाकली त्यांना उंदरांच्या पोटात धड बस्तान बसवता आलं नाही. म्हणजे पळता येतं म्हणूनच तो मुक्कामाला आहे. व्रणाचं खापर ताणतणाव आणि तिखटावर फुटत होतं तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. पोटदुखीपायी इतकं भलं क्वचितच कुणाचं होतं.

हे सगळं मी खाटेपाशी बसून सांगितलं तेव्हा मामी पहिल्यांदा शांतपणे हसल्या. "मिरचीना काय दोष?" एवढंच म्हणाल्या, पण खोलीभर बघून म्हणाल्या. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, दोन प्रतिजैविकं आणि एक आम्ल कमी करणारी, आणि व्रण भरेपर्यंत तिखट बेताने खायला सांगितलं होतं. बेताने या शब्दावर मामींनी डॉक्टरांशी तिथेच थोडी घासाघीस केली होती म्हणे.

गोळ्यांचं पाकीट उलटसुलट बघत मामींनी विचारलं, "हाऊ जंतू आंबटले पाहीसन पळस, मंग गोळीले पाहीसन नही पळाव?"

मी सांगितलं, की मामी, गोळी पोटातून तर येतेच, पण रक्तात मिसळून भिंतीच्या बाजूनेही येते. तो आम्लापासून पळून जिथे दडून बसतो, तिकडूनही औषध निघतं. इकडूनही, तिकडूनही.

"मंग तो जाई कोठे?"

मामा इतका वेळ डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडताच म्हणाले, "सुरतले."